हे दाणे मुके आहेत

मामा, तू गेलास आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जमीन हलली.

सकाळची वेळ होती. आधी भांडी वाजली, मग पत्रे, मग कुत्री. सगळा पाडा अंगणात. गेल्या दिवाळीनंतर हे इतक्यांदा झालंय की आता कुणी किंचाळतही नाही. पोरं उचलायची, बाहेर यायचं, ताडपत्रीखाली बसायचं आणि एकमेकांच्या भिंतींकडे बघत राहायचं. पण त्या सकाळी कुणीतरी सवयीनं ओरडलं, "भगताला विचारा रे, अजून किती दिस!" आणि ओरडणाराच गप्प झाला. सगळ्यांच्या माना तुझ्या दाराकडे वळल्या होत्या. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

मला तुझा राग आला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड बोलावं म्हणतात. मला गोड बोलता येत नाही, आणि तू ते माझ्याकडून कधी मागितलंही नाहीस. मला फक्त पत्रक लिहिता येतं. तेव्हा हे पत्रकच समज. फरक एवढाच की हे वाटायचं नाही, आणि ज्याला आधी वाचून दाखवायचं तोच नाही.

पहिलं पत्रक आठवतं तुला? मी डहाणूला कॉलेजात होते, नुकतीच संघटनेत गेले होते, आणि सुट्टीत गठ्ठा घेऊन घरी आले. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं: "भगताचा धागा तोडा, दवाखान्याची वाट धरा!" मला शौर्य दाखवायचं होतं, म्हणून पहिला कागद तुझ्याच हातात दिला. सख्ख्या मामाच्या. तू तो उलटासुलटा करून पाहिलास आणि परत दिलास.

"मला कुठं येतं. तूच वाच."

मग मी तुझ्या अंगणात उभी राहून तुझ्याविरुद्धचं पत्रक तुलाच वाचून दाखवलं. अंधश्रद्धा, शोषण, अज्ञान, सगळं. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

"आवाज चांगला हाय," तू म्हणालास. "कुणी लिहिलं?"

"मी."

"तुला राग कुणाचा ते कळतं. माया कुणाची ते नाय कळत."

"पत्रक मायेसाठी नसतं, मामा. लोकांना जागं करण्यासाठी असतं."

"ते तर कोंबडा पण करतो गो."

मामी आतून हसली. मी चिडून निघून गेले. पण त्यानंतर लिहिलेलं प्रत्येक पत्रक मी आधी तुला वाचून दाखवलं. वनजमिनीच्या दाव्यांचं, रेशनचं, आश्रमशाळेच्या जेवणाचं. संघटनेत मी सांगायचे की विरोधी पक्षावर चाचणी घेऊन येते. खरं म्हणजे तू हुंकार दिलास की मला कळायचं कुठलं वाक्य खोटं आहे.

आपलं एक भांडण मिटलं. भात झोडताना पाड्यावरच्या एका बाईला साप चावला तेव्हा तू आधी सूप पुढ्यात घेऊन, तांदळाच्या दाण्यांत देवाचा कौल बघायला बसलास, आणि जीप मग बोलावली गेली. ती वाचली, पण मी सगळ्यांदेखत तुला विचारलं होतं, "ती मेली असती तर तुझ्या देवानं काय सांगितलं असतं?" मामीनं मला त्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या वेळी एक तापानं फणफणलेलं पोर आणलं, तेव्हा दिवा लावायच्या आधी तू म्हणालास, "आधी जीप बोलवा. जीप येईपर्यंत देवाला विचारू. जीप आली की देव थांबतो." तेव्हापासून तो तुझा नियमच झाला. मी बैठकीत हा संघटनेचा विजय म्हणून सांगितला. तुझ्या कानावर ते गेलं होतं, तरी तू कधी खोडून काढलं नाहीस.

दुसरं भांडण राहिलं. तुला बोलावलं कुणी, हे.

तू वाल सोलत बसला होतास आणि मी विचारलं होतं, अगदी उलटतपासणी घेतात तसं. "देव आला म्हणजे काय झालं? नेमकं सांग. कुठं होतास, काय करत होतास?"

तू सांगितलंस. तरणा होतास, डहाणूला चिकूच्या वाडीत तोडणीच्या कामाला जायचास. झाडावर होतास, हातात जाळीची काठी. आणि एकदम वाटलं की कुणीतरी आपली वाट बघतंय.

"आवाज आला?"

"नाय."

"काही दिसलं?"

"नाय गो. नुसतं वाटलं. कुणाच्या तरी अंगणात आपल्याला जायचंय, आणि आपल्याला उशीर होतोय. मग अंग हलायला लागलं. खाली पडलो."

"फेफरं असेल."

"असेल. वाडीच्या शेटनं दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या, मी घेतल्या. अंग हलायचं थांबलं." तू एक शेंग सोललीस. "वाट बघणारा थांबला नाय."

मला वाटलं होतं तू देवाची भव्य गोष्ट सांगशील आणि मी ती फाडीन. तू अशी गोष्ट सांगितलीस की पकडायला कुठे टोकच नव्हतं. पुढचं तर तू हसत हसत सांगितलंस. भगत व्हायचं नव्हतं तुला. भगताला कोण मुलगी देतो! म्हणून तू पळालास, डहाणूच्या बोटीवर खलाशी झालास. समुद्रावर तो आपल्याला कसा शोधणार, असा हिशोब. तर जाळं ओढता ओढता तेच. कुणीतरी वाट बघतंय. शेवटी बोट चालवणाऱ्या तांडेलानंच तुला किनाऱ्यावर उतरवलं. "ह्याच्या डोक्यात सारखी जमीन हाय, हा पाण्यावर कामाचा नाय," असं म्हणाला म्हणे.

मग तू वेवजी गावच्या म्हाताऱ्याकडे गेलास, तुझ्या गुरूकडे. मला वाटायचं तिथे मंत्र शिकवत असतील. तू म्हणालास, मंत्र अगदी शेवटी. आधी पाणी भरलंस, गुरं राखलीस, मुळ्या ओळखायला शिकलास. लोक विचारायला आले की तू कोपऱ्यात बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. पावसाळ्यामागून पावसाळे असे गेले. एकदा तुला वाटलं आता आपल्याला सगळं कळतं. म्हाताऱ्यानं ते चेहऱ्यावरून ओळखलं आणि पुढचा सगळा हंगाम तुला एकच काम दिलं: येईल त्याला सांगायचं, "मला माहीत नाही." लोक हसायचे. गुरांच्या बाजारात पोरं तुला चिडवायची, "माहीत नाय भगत" म्हणून.

आणि सगळ्यात शेवटी ते जेवण. भगत म्हणून सुपापुढे बसण्याआधी, जो माणूस आपला सगळ्यात जास्त राग करतो त्याच्या घरी जाऊन जेवायचं. त्यानं वाढलं तरच बसायचं. तुझं भांडण होतं पाड्यावरच्या किसनच्या बापाशी, शेताच्या बांधावरून. तू त्याच्या अंगणात जाऊन बसलास. तो समोरून गेला, आला, थुंकला. तू बसलेलाच. ऊन डोक्यावर आलं, कललं. शेवटी किसनच्या आईनं नवऱ्याकडे न बघता नागलीच्या आंबिलीचा वाडगा तुझ्यापुढे ठेवला.

"हे कशासाठी?" मी विचारलं होतं. "देवाचं काम करायला शत्रूची आंबील कशाला लागते?"

"मग काय? ज्याचा आपल्याला राग हाय त्याचे दाणे आपण सरळ बघू का? तूच सांग."

मी म्हणाले, ही पद्धत चांगली आहे, पण यात देव कुठे आला? तू म्हणालास, "नसंल आला. मी तर आंबिलीसाठी गेलो होतो." आणि वर मलाच विचारलंस, "तुला कोण बोलावतं गो? माईक हातात आला की तुझी पण मान हलते. मी पाहिलंय तलासरीच्या मोर्चात."

मी तुला आमचं धोरण समजावून सांगितलं. तू ऐकून घेतलंस, आणि म्हणालास, "ते झालं. पण बोलावतं कोण?"

मामा, मी तेव्हा खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. ते पुढे सांगते.

आधी जानीमावशी.

जमीन हलायला लागली आणि पाड्यावरची पक्की घरं आधी फुटली. घरकुलाच्या भिंती, सिमेंटच्या, ज्यांच्यासाठी आम्हीच मोर्चे काढले होते. कुणी साहेब आले, भेगांचे फोटो काढले, ताडपत्र्या वाटल्या, घाबरू नका म्हणाले आणि डहाणूच्या रस्त्याला लागले. न घाबरायचं कसं, ते सांगायचं राहून गेलं. आणि पाड्याच्या टोकाला जानीमावशीचं कारवीच्या काटक्या विणून केलेल्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, वाकडंतिकडं घर जसंच्या तसं. एक तडा नाही. एकटी विधवा बाई, मूलबाळ नाही, कमी बोलणारी. मग कुजबूज सुरू झाली. सगळ्यांची घरं फुटली, हिचंच कसं नाही फुटलं? जमीन हिचं ऐकते का?

मी पत्रक काढलं. कुडाची भिंत हलते म्हणून पडत नाही, सिमेंटची हलत नाही म्हणून फुटते. चित्रासकट. मला अभिमान होता त्या पत्रकाचा. त्याच्यात लोकांनी सुकट बांधून नेली. आणि त्याच आठवड्यात किसनच्या घराची भिंत त्याच्या पोराच्या पायावर पडली. पाय प्लास्टरमध्ये. किसनची बायको सुमन पोराला मांडीवर घेऊन ताडपत्रीखाली बसायची. तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि किसनच्या तोंडातून तो शब्द पहिल्यांदा उघडपणे बाहेर पडला. भुताळी.

तो शब्द पडला की पुढे काय होतं ते मला माहीत आहे. आधी पाणी बंद होतं, मग चूल, मग एखाद्या दिवशी काठ्या निघतात. फक्त एक गोष्ट मध्ये लागते. भगतानं दाणे बघून नाव घ्यावं लागतं. नाव तुझ्या तोंडून येणार होतं, मामा. जानीमावशीचा जीव तुझ्या जिभेवर होता.

रविवारी किसनच्या कंपनीला सुट्टी. गुजरातच्या हद्दीत कामाला जातो तो, रविवारीच मोकळा असतो. दुपारी तो दहाबारा बाप्यांना घेऊन तुझ्या अंगणात आला. मी आधीच येऊन बसले होते, फोन हातात धरून. पोलिसांचा नंबर काढून ठेवला होता, कायद्याचं कलम पाठ होतं.

"फोन ठेव," तू हळूच म्हणालास.

"का ठेवू?"

"पोलीस येतील नि जातील. जानीला हितंच ऱ्हायचंय."

मी संतापले होते. पण तुझा हात माझ्या मनगटावर होता आणि तो थरथरत होता. अंगात आल्यावरची थरथर मी लहानपणापासून पाहिलीय. ही ती नव्हती. तू घाबरला होतास.

किसननं तुझ्यापुढे दाण्यांची पिशवी टाकली. "काका, बघ. नाव सांग. बाकीचं आम्ही बघून घेऊ."

तू पिशवी सोडलीस, मूठभर दाणे सुपात घेतलेस. एक दाणा दातांखाली धरलास. खूप वेळ चावत राहिलास. मग सूप बाजूला सारलंस.

"हे दाणे मुके आहेत."

"म्हंजे?"

"दुकानाचे हायेत. कुठल्या शेतात पिकले? कुणी कांडले? ह्यांना जानी कोण ते माहीत नाय, तू कोण ते माहीत नाय. काय बोलणार ते?"

"काका, गेल्या साली म्हैस हरवली तवा पाकिटातलेच घेतलेस ना तू!"

"तवा म्हैस हरवली होती, किसन. आज तू माणूस हरवायला आलायस."

कुणीतरी मागून हसलं आणि लगेच थांबलं.

"आपल्या घरची कणगी," तू म्हणालास. आता आवाज मोठा होता. "आपल्या शेताचा दाणा. घरच्या बाईनं आपल्या हातानं काढायचा, हातानं कांडायचा, आणि हातानंच सुपात टाकायचा. टाकताना तिनंच विचारायचं, मोठ्यानं. बापजाद्यांपासून असंच हाय. मध्ये मी आळस केला, तुम्ही पण केला. मोठ्या गोष्टीला आळस चालत नाय. जा. ज्यांच्या घरची बाई दाणे देईल त्यांनी या."

ते गेले. मी तुला म्हणाले, "हे काय केलंस? सरळ सांगायचं ना की भुताळी नसतेच! आणले कुणी दाणे तर?"

तू तंबाखू मळायला घेतलीस, पण ती सांडतच होती.

बाप्ये एकेक करून परत आले. मोकळ्या हातांनी. एक म्हणाला, बायको माहेरी गेलीय. ती त्याच्या मागच्याच झाडाखाली उभी होती. एक म्हणाला, मुसळ सापडत नाही. एक म्हातारा खरं बोलला: "बुढी म्हणते, तूच काढ नि तूच विचार, माझ्या हातून नाय व्हायचं. जानीनं माझं बाळंतपण केलंय, म्हणते." सगळ्या बायका तुझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. जानीमावशी नव्हती. तिचं दार लावलेलं होतं, आणि त्या दाराआड ती बसली असणार, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

मग सुमन आली. मूठ बंद करून. केसांत अजून तूस होतं. ताजे कांडलेले दाणे.

मामा, तुझा चेहरा मी पाहिला. तुझ्या नियमानुसार आता तुला बघावंच लागणार होतं.

तू सूप तिच्यापुढे केलंस. "टाक, बाय. आणि विचार. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जे विचारशील तेच मी बघीन."

सुमन उभी राहिली. किसन म्हणाला, "विचार ना." ती त्याच्याकडे बघेना. ती जानीमावशीच्या घराकडे बघत होती, मग मागे ताडपत्रीकडे, जिथे पोर झोपलं होतं. तिचे ओठ हलले. शब्द आला नाही. मग तिनं मूठ उघडली, सुपावर नाही, बाजूला, मामीच्या कोंबड्या होत्या तिथे.

"मला काय विचारायचं नाय," ती म्हणाली. "पोराचा पाय कधी बरा होईल तेवढं डाक्टर सांगेल."

कोंबड्यांनी दाणे टिपले. बाप्ये एकेक करून उठले. किसन शेवटी उठला, आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेला, जसं काही सगळं मीच केलंय.

अंगण रिकामं झाल्यावर मी विचारलं, "मामा, खरं सांग. हा नियम होता, की तू आत्ता बनवलास?"

"होता."

"पण तू पाळत नव्हतास. मग आजच का आठवला? कुणी आठवण करून दिली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते तू हुशार आहेस."

"मग तसं लिही."

"आणि तू काय म्हणतोस?"

त्यावर तू एवढंच म्हणालास की वेवजीचा म्हातारा सांगायचा, भगताला देव खरं काम आयुष्यात एकदाच देतो. बाकीची सगळी वर्षं म्हशी शोधायच्या, म्हणजे त्या दिवशी सुपापुढे बसायची सवय असते. मी घाबरलो होतो गो, असंही म्हणालास. आणि मग, "ते अंगण हेच होतं का, असं वाटतंय. चिकूच्या झाडावर वाटलं होतं ते."

मी हसून विषय बदलला. मला वाटलं, आता हा जिंकणार.

मग काही आठवड्यांनी तुझी तब्येत बिघडली. तुला डहाणूच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीप आधी बोलावली होती, मामा. देवाला कुणी विचारलंही नाही. रस्त्यानं खड्डे लागत होते आणि तू प्रत्येक खड्ड्याला विचारत होतास, "हललं का?" मी सांगत होते, "नाही, गाडी हलली." मग तू परत तेच विचारलंस. "बोलावतं कोण गो तुला?" मी म्हणाले, "बोलू नकोस, दमशील." हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. इतकी पत्रकं लिहिली, आणि शेवटी तुला गप्प राहायला सांगितलं.

आता ऐक. मलाही वाटतं. वनाच्या दाव्यांचे कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेली असते, मोर्चात असते, कधी नुसती तलासरी नाक्यावर वडापावच्या गाडीशी उभी असते. आणि वाटतं की कुठेतरी कुणीतरी वाट बघतंय आणि मला उशीर होतोय. मी त्याला देव म्हणत नाही. आजही म्हणणार नाही. हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं असतं, ते तुझ्या मागेही सांगते. पण वाटतं. तुला सांगितलं नाही, कारण तू हसला असतास आणि म्हणाला असतास, मग आपलं भांडण कशाचं हाय गो?

त्या तिसऱ्या दिवसाच्या सकाळी, सगळे तुझ्या रिकाम्या दाराकडे बघत असताना, ते पुन्हा वाटलं. मी धावत जानीमावशीकडे गेले. ती आपल्या कुडाला हात लावून उभी होती. मला म्हणाली, "भगत गेला. आथां कोण?"

संध्याकाळपर्यंत कळलं, किसननं उधवा गावाच्या पलीकडून दुसरा भगत ठरवलाय. कुठलेही दाणे चालतात त्याला. मी पत्रक लिहायला बसले. या वेळी नावासकट. "किसन, तुझ्या पोराच्या पायाची किंमत एका विधवेनं का द्यायची?" असं सुरू होत होतं. चांगलं होत होतं, मामा. धार होती. आणि सवयीनं मी ते मोठ्यानं वाचलं, आणि हुंकार आला नाही. एका ठिकाणीही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किसनच्या अंगणात जाऊन बसले.

"पत्रक आणलंस?" त्यानं विचारलं. पाळी रात्रीची असेल, घरीच होता.

"नाही. जेवायला आलेय."

तो बघतच राहिला. त्याला कळलं. त्याच्या आईनं तुला वाढलं होतं ती गोष्ट त्यालाही माहीत होतीच. तो थुंकला नाही, पण आत निघून गेला. पोर प्लास्टर काढलेला पाय ओढत माझ्याभोवती फिरत होतं. ऊन कललं. मग सुमन वाडगा घेऊन आली. आंबील. नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती मला म्हणाली, "तो उधव्याचा आला तरी आमच्या कणगीतून दाणा निघायचा नाय. तोंड लिंपून टाकलंय शेणानं. पेरणीपर्यंत उघडायची नाय. सगळ्या बायांनी लिंपल्यात."

किसन दारात आला. भिंतीच्या भगदाडाकडे बघत म्हणाला, "पावसाच्या आधी भिंत उभी करायला पायजे. विटांची परत पडेल."

"कुडाची घाल."

"कारवी विणता कुणाला येते आता? बाप गेल्यावर कुणी घातलीच नाय."

मी आंबील पीत राहिले. मला बोलायचं होतं. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक होतं. मामा, मी गप्प बसले. तूच शिकवलेलं, कोपऱ्यात बसून.

"जानीला येते," सुमन म्हणाली.

"ती कशाला शिकवेल मला?" किसन म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "शिकवेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

हे मी लिहितेय तेव्हा पुढच्या दिवसाची सकाळ आहे. उधव्याच्या भगताला येऊ नको म्हणून कुणी निरोप पाठवला की नाही, ते मी विचारलेलं नाही. तुझ्या अंगणातून पाड्याचं टोक दिसतं. जानीमावशीच्या अंगणात किसन येऊन बसलाय, उकिडवा, हात गुडघ्यांवर. ती एकदा बाहेर आली, त्याला पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. तो उठला नाही. मामी म्हणते, हाक मार त्याला, पाणी तरी घेऊन जा. मी म्हणाले, थांब.

दार अजून बंदच आहे. पण छपरातून चुलीचा धूर निघायला लागलाय.